वाळवणाचा कारभार

अन्न मिळविणें ही मनुष्याची पहिली चिंता असली, तरी मिळालेलें अन्न टिकविणें ही त्याची पहिली विद्या होय. शिकारीला बळ लागतें, शेतीला कष्ट लागतात, मासेमारीला धाडस लागतें. परंतु हातीं आलेला माल नासण्यापूर्वीं त्याचें काय करावयाचें, हें ठरविण्यास जी बुद्धि लागते ती या तिन्हींहून निराळी आहे. त्या बुद्धीला वेळेचें बंधन असतें. कापडाच्या गिरणीचा व्यवस्थापक आजचा निर्णय उद्यांवर टाकूं शकतो; कापड तेवढ्यांत कुजत नाहीं. मासळीच्या, दुधाच्या किंवा भिजविलेल्या पिठाच्या व्यवस्थापकाला ती मुभा नाहीं. त्याच्या मेजावरचा कागद थांबतो, पण माल थांबत नाहीं. म्हणून अन्न टिकविण्याच्या धंद्यांत निर्णय कोणी घ्यावयाचा, हा प्रश्न मानापमानाचा नसून धंद्याच्या जीवनमरणाचा ठरतो. मुंबई शहराच्या इतिहासांत या प्रश्नाचीं चारदोन चांगलीं उत्तरें सांपडतात, आणि योगायोग असा कीं, त्यांतील बहुतेक एकाच क्रियेभोवतीं फिरतात. ती क्रिया म्हणजे वाळवण.

मुंबई बेटाच्या उत्तर टोंकाला शीव आहे. शीव म्हणजे सीमा; मुंबई बेट संपून खाडीपलीकडील साष्टी जेथें सुरू होई, ती ही जागा. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याच्या कारकीर्दींत, १६६९ ते १६७७ च्या दरम्यान, येथील टेकडीवर इंग्रजांनीं किल्ला बांधला तो या सीमेच्या रक्षणासाठींच. किल्ला उभा राहण्याच्या पुष्कळ आधींपासून कोळी लोक या बेटांच्या किनाऱ्यांवर राहत आले आहेत, आणि शीव कोळीवाडा हा त्याच वस्तीचा एक दुवा आहे. १९४७ च्या फाळणीनंतर आलेल्या पंजाबी व शीख निर्वासितांना येथील लष्करी बराकींत आसरा मिळाला. कोळीवाडा या नांवाच्या रेल्वे स्थानकाला पुढें गुरु तेग बहादूर नगर हें नांव पडलें. मुंबईच्या खाणावळींतून पीठ व मसाला लावून तळलेल्या कोळंबीला 'कोळीवाडा' असें जें विशेषण लागतें, तेंहि याच वस्तीची आठवण सांगतें. परंतु तळलेली कोळंबी ताटांत पडेपर्यंतच टिकावयाची. कोळीवाड्यांची खरी विद्या सुक्या मासळींत आहे, आणि त्या विद्येचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांच्या हातीं राहिला आहे.

होडी किनाऱ्याला लागली कीं पुरुषाचें काम बव्हंशीं संपतें आणि स्त्रीचें सुरू होतें. समुद्र पुरुषाचा, माल, बाजार आणि पैसा स्त्रीचा, अशी ही जुनी वांटणी आहे. पाटी पुढ्यांत आल्याबरोबर कोळणीला एकाच वेळीं चार गोष्टी ठरवाव्या लागतात: कोणता माल ताजा विकावयाचा, कोणता वाळत घालावयाचा, कोणत्याला मीठ लावावयाचें आणि कोणता सोडून द्यावयाचा. सरंगा किंवा रावस यांना ताजेपणींच भाव येतो. बोंबील हा जवळजवळ सारा पाण्याचाच बनलेला. थोड्या वेळांत तो लिबलिबीत होतो. त्याला वाळवावयाचें तर एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यांत अडकवून जोड्या करावयाच्या, आणि बांबूंच्या व दोरांच्या उंच वलांडीवर, दोन्ही अंगांनीं वारा खेळेल अशा बेतानें त्या टांगावयाच्या. जवळा पातळ पसरावयाचा; कोळंबी सोलून तिचे सोडे करावयाचे. बांगड्यासारख्या तेलकट मासळीला मात्र नुसतें ऊन पुरत नाहीं. तिला मीठ पाहिजे.

यांतील प्रत्येक गोष्ट आभाळाकडे पाहून ठरते. बोंबील अर्धे वाळले आहेत आणि पश्चिमेकडे ढग दिसूं लागले आहेत, अशी वेळ आली म्हणजे काय करावें? माल उतरवून अर्धओल्या स्थितींत पडत्या भावानें विकावा, कीं ऊन पुन्हां येईल या भरंवशावर थांबावें? थांबली आणि ऊन आलें तर नफा; थांबली आणि पाऊस आला तर मालांत किडे पडून त्याचें खत होणार. हा निर्णय नियमांच्या पुस्तकांत आधीं लिहून ठेवतां येत नाहीं. माशाला बोटानें दाबून पाहिल्यावर हाताला जें कळतें, वाऱ्याची दिशा बदलल्यावर नाकाला जें कळतें आणि बाजारांत काल काय भाव होता हें जें स्मरणांत असतें, त्या तिन्हींचा मेळ क्षणांत घालावा लागतो. ही विद्या सासूकडून सुनेला, आईकडून मुलीला मिळत आली; तिची शाळा वलांडीखालींच भरत असे.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. कोळणीच्या ठिकाणीं तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात. मालाची स्थिति तिला सर्वांआधीं कळते. मालाचें काय करावयाचें हें ठरविण्याचा अधिकार तिचाच असतो. आणि निर्णय चुकला तर तोटाहि तिच्याच घरीं येतो. माहिती, अधिकार आणि परिणाम या तिघांची एका व्यक्तीच्या ठायीं पडलेली ही गांठ म्हणजेच अन्न टिकविण्याच्या धंद्यांतील नेतृत्वाचें मूळ होय. पुढील इतिहास पाहिला तर असें दिसतें कीं, जेथें ही गांठ सुटली तेथें धंदा अडचणींत आला, आणि जेथें ती पुन्हां बांधली गेली तेथें तो सांवरला.

गांठ सुटण्याचें पहिलें मोठें उदाहरण मिठाचें आहे. शीव आणि वडाळा या बाजूस खाडीकाठीं मिठागरें पसरलेलीं होतीं. कोळीवाड्यापासून मीठ दूर नव्हतें. दूर होता तो त्या मिठाचा भाव ठरविणारा अधिकारी. इंग्रजी राज्यांत मिठावरील कर १८८८ सालीं मणामागें अडीच रुपये झाला. १९०७ पर्यंत तो उतरत उतरत एक रुपयावर आला. १९२३ सालीं तो एकदम पुन्हां अडीच रुपयांवर गेला, आणि दुसऱ्याच वर्षीं सव्वा रुपयावर आला. हे आंकडे ठरविणारांच्या डोळ्यांपुढें सरकारचा जमाखर्च होता. चिमूटभर मीठ वापरणाऱ्या गृहिणीला हा कर बोंचला, तर मणांनीं मीठ वापरणाऱ्या मासळीवाल्याला त्यानें किती ग्रासलें असेल, याची कल्पना करणें अवघड नाहीं. मीठ महाग झालें म्हणजे मासळीला तें कमी लावलें जाई, किंवा किनाऱ्यावरची खारी माती वापरली जाई. मासळी लवकर नासे, आणि ती खाणाराच्या प्रकृतीला अपाय होई. म्हणजे तिजोरीकडे पाहून घेतलेल्या निर्णयाची किंमत गरिबाच्या ताटांत मोजली जाई.

ही गोष्ट सरकारच्या ध्यानांत आली नाहीं असें नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मद्रास इलाख्यांत आणि पश्चिम किनाऱ्यावर सरकारनें मासळी खारविण्याचीं आवारें उघडलीं. तेथें करमुक्त किंवा स्वस्त मीठ मिळे. परंतु तें आवाराबाहेर नेतां येत नसे, आणि मासळी आवारांत आणूनच खारवावी लागे. हेतु चांगला होता आणि ज्यांना त्या आवारांचा आश्रय मिळाला त्यांना त्याचा उपयोगहि झाला. तथापि योजनेच्या मुळाशीं अविश्वास होता. मीठ चोरीला जाऊं नये ही मीठखात्याची काळजी. मासळी नासूं नये ही कोळणीची काळजी. या दोन काळज्या एकाच आवारांत कोंडल्या, तर पहारेकऱ्याचीच काळजी वरचढ होणार हें उघड आहे. एका खात्यानें दुसऱ्याच्या मालावर देखरेख करावी आणि नासलेल्या मालाचा तोटा मात्र मालकानें सोसावा, असा हा संसार होता.

मिठाचा प्रश्न अखेरीस साऱ्या देशाचा झाला. १९३० च्या एप्रिलांत महात्मा गांधींनीं दांडी येथें मीठ उचललें, आणि त्याच वर्षीं मे-जून महिन्यांत वडाळ्याच्या मिठागरांवर मुंबईच्या सत्याग्रहींनीं पुनःपुन्हां चाल केली. शहरांतील हजारों लोक त्यांत सामील झाले. शीवच्या शेजारची ही ओसाड खारजमीन त्या कांहीं आठवड्यांत देशाच्या वर्तमानपत्रांतून गाजूं लागली. मिठावरील कर उठला तो मात्र १ एप्रिल १९४७ रोजीं. कोळणीला स्वतःच्या दारचें मीठ स्वतःच्या विचारानें वापरण्याचा हक्क मिळण्यास इतकीं वर्षें जावीं लागलीं.

सरकारनें दुसराहि एक प्रयोग केला. मुंबईला मासळी कमी पडते, तेव्हां ती अधिक पकडली पाहिजे, असा सरळ हिशेब मांडून मुंबई सरकारनें १९२१-२२ मध्यें 'विल्यम कॅरिक' नांवाचें वाफेवर चालणारें मासेमारी जहाज चालवून पाहिलें. जहाज नवें, यंत्र बलवान, जाळें मोठें. परंतु खर्च आणि उत्पन्न यांचा मेळ बसला नाहीं, आणि प्रयोग आवरता घ्यावा लागला. अशा अपयशाची टवाळी करणें सोपें आहे. तें योग्य नव्हे. त्या प्रयोगामागें अभ्यास होता आणि समुद्राविषयीं कांहीं नवें ज्ञानहि त्यांतून मिळालें. तरी एक धडा त्यांत आहेच. मासळीच्या धंद्याचा जीव जाळ्यांत नसतो. तो जाळें रिकामें झाल्यानंतरच्या पहिल्या कांहीं तासांत असतो. पकडण्याची शक्ति वाढली आणि टिकविण्याची व खपविण्याची व्यवस्था होती तशीच राहिली, तर वाढीव माल म्हणजे वाढीव नासाडी होय. ही गोष्ट समुद्राकडे पाहून समजत नाहीं. ती किनाऱ्यावर बसलेल्या स्त्रीला विचारावी लागते.

मासळीविषयीं जें खरें तेंच दुधाविषयीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मुंबईची लोकसंख्या फुगली आणि शहरांतील गोठ्यांचें दूध अपुरें व अस्वच्छ ठरूं लागलें. १९४५ सालीं मुंबई सरकारनें दुधाची योजना आंखून, सुमारें सव्वाचारशें किलोमीटर दूर असलेल्या खेडा जिल्ह्यांतील आणंद येथून पोलसन कंपनीमार्फत दूध आणविण्याचें ठरविलें. योजनेंत शहराची सोय पाहिली होती, कंपनीची सोय पाहिली होती. सोय पाहावयाची राहिली ती म्हैस पाळणाराची. त्याच्या दुधाला दर काय मिळावा यावर त्याचें कांहींच चालत नव्हतें, आणि दूध विकलें नाहीं तर तें सकाळचें संध्याकाळपर्यंत टिकणार नव्हतें. नासणारा माल हातांत असणें हीच त्याची दुर्बळता होती. सरदार वल्लभभाई पटेल यांचा सल्ला घेऊन, मोरारजी देसाई व त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकारानें, जानेवारी १९४६ मध्यें समरखा या गांवीं सभा झाली आणि शेतकऱ्यांनीं कंपनीला दूध न देण्याचा निश्चय केला. पंधरा दिवस त्यांनीं दूध दिलें नाहीं. दुर्बळतेचेंच त्यांनीं शस्त्र केलें. सरकारला नमतें घ्यावें लागलें, आणि १४ डिसेंबर १९४६ रोजीं त्यांच्या सहकारी संघाची नोंदणी झाली. माहिती, अधिकार आणि परिणाम यांची सुटलेली गांठ गांवच्या दूधसंघांत पुन्हां बांधली गेली.

परंतु नुसता अधिकार मिळून भागत नाहीं, हेंहि याच संघाच्या इतिहासावरून दिसून येतें. हिंवाळ्यांत म्हशी भरपूर दूध देत आणि मुंबईला तेवढें दूध नको असे. उरलेलें दूध वाळवून त्याची भुकटी करणें हाच उपाय होता. पण म्हशीच्या दुधांत स्निग्धांश अधिक असल्यामुळें त्याची भुकटी होत नाहीं, असें परदेशी तज्ज्ञांचें मत होतें. संघाचे तंत्रज्ञ एच. एम. दलाया यांनीं तें मत प्रयोगानें खोटें ठरविलें. व्यवस्थापक व्हर्गीस कुरियन यांनीं त्यांच्यावर विश्वास टाकला, आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजीं पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें भुकटीच्या कारखान्याचें उद्घाटन झालें. येथें व्यवस्थापकाचें काम काय होतें, तें पाहण्यासारखें आहे. दूध वाळविण्याची कला त्याची नव्हती. म्हैस त्याची नव्हती. संघाची मालकीहि त्याची नव्हती. ज्याला जें खरोखर कळतें त्याला तें करूं द्यावें, आणि बाहेरच्या मोठ्या नांवांपुढें त्याला एकटें पडूं देऊं नये, एवढें त्यानें केलें. तें थोडें नव्हे.

मुंबईच्या वाळवणाची सर्वांत बोधप्रद कथा मात्र गिरगांवांतील आहे. १५ मार्च १९५९ रोजीं लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती स्त्रिया पापड लाटावयास बसल्या. जसवंतीबेन जमनादास पोपट या त्यांपैकीं एक. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे कार्यकर्ते छगनलाल करमशी पारेख, ज्यांना सारे छगनबापा म्हणत, त्यांच्याकडून घेतलेले ऐंशी रुपये हें त्यांचें सारें भांडवल. पहिल्या दिवशीं चार पाकिटें झालीं, आणि तीं भुलेश्वरांतील एका ओळखीच्या व्यापाऱ्यानें घेतलीं. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची होती. पुढें 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' या नांवानें जी संस्था देशभर पसरली, तिचा हा आरंभ.

आरंभींच तिच्यापुढें कोळणीचाच प्रश्न उभा राहिला. पावसाळा आला, गच्चीवर ऊन येईना, आणि पापड वाळेनात. पहिल्या वर्षीं चार महिने काम बंद ठेवावें लागलें. रोजच्या मजुरीवर घर चालविणाऱ्या स्त्रियांना चार महिन्यांची सुट्टी म्हणजे काय, हें सांगावयास नको. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड पसरले आणि खालीं शेगडी ठेवली. उपाय इतका साधा होता कीं, तो एखाद्या मोठ्या कारखान्याच्या अहवालांत शोभला नसता. परंतु यंत्र घेण्याचें सामर्थ्य नसतां ऋतूचें बंधन तोडणारा निर्णय तोच होता, आणि तो घेणारीं माणसें तींच होतीं ज्यांचे हात पावसांत रिकामे बसत.

दुसरा निर्णय याहून कठीण होता. आरंभीं या स्त्रिया दोन प्रतींचे पापड करीत. हलक्या प्रतीचा पापड स्वस्त विकला तर गिऱ्हाईक वाढेल, असा विचार त्यामागें होता. छगनबापांनीं सल्ला दिला कीं, प्रत एकच ठेवावी आणि तिच्यांत कधींहि तडजोड करूं नये. तसेंच हिशेब चोख ठेवावा. स्त्रियांनीं तो मानला. हा सल्ला बाहेरून आला होता हें विसरतां कामा नये. जो रोज पीठ मळतो त्याला मालाची स्थिति कळते. पण आपण हळूहळू कोठें घसरत आहों, हें त्याला आंतून दिसेलच असें नाहीं. त्यासाठीं थोडें दूर उभें राहिलेलें आणि नफ्यांत वांटा नसलेलें माणूस लागतें. छगनबापांनीं वाट दाखविली, पण मालकी मागितली नाहीं. मार्गदर्शक आणि मालक यांमधील ही रेषा त्यांनीं स्वतःच आंखून घेतली, आणि ती पाळली.

संस्था वाढली तशी तिची घटनाहि ठरत गेली. १९६२ सालीं 'लिज्जत' हें नांव घेतलें गेलें. १९६६ च्या जुलैंत संस्थेची नोंदणी झाली आणि त्याच वर्षीं खादी व ग्रामोद्योग आयोगानें तिला मान्यता दिली. वाढीचा प्रत्येक प्रयत्न यशस्वी झाला असें नाहीं. १९६१ सालीं मालाड येथें काढलेली शाखा चालली नाहीं, पण म्हणून शाखांचा विचारच सोडला गेला नाहीं. १९६८ सालीं गुजरातेंतील वालोड येथें महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा निघाली. काम करणारी प्रत्येक स्त्री ही संस्थेची सभासद आणि सहमालक. तिला 'बहेन' म्हणावयाचें. सकाळीं शाखेंत मळलेलें पीठ मिळतें. तें घरीं नेऊन लाटावयाचें, वाळवावयाचें, आणि दुसऱ्या दिवशीं पापड परत आणून मजुरी घ्यावयाची. ज्या बहेनीच्या घरीं पापड वाळविण्यास स्वच्छ जागा नसेल तिनें लाटण्याचें काम करावयाचें नाहीं. पण म्हणून तिला परत पाठवावयाचें नाहीं, तर पीठ मळणें, पाकिटें भरणें यांसारखें दुसरें काम द्यावयाचें. नियम कडक आहे, तरी माणुसकी सोडलेली नाहीं.

या व्यवस्थेंत एक सूक्ष्म तोल आहे. कच्चा माल आणि पिठाचें प्रमाण मध्यवर्ती रीतीनें ठरतें, म्हणून मुंबईचा पापड आणि दूरच्या शाखेचा पापड यांच्या चवींत फरक पडत नाहीं. उलट शाखेचा रोजचा कारभार शाखेची संचालिका पाहते, आणि संचालिका होणारी स्त्री स्वतः लाटणाऱ्यांतूनच वर आलेली असते. नफा-तोट्यांत सर्व बहेनींचा भाग असतो. म्हणजे प्रमाण वरून ठरतें, पारख हातांतच राहते, आणि परिणाम सर्वांनीं मिळून सोसावयाचा. कोळणीच्या एकटीच्या ठायीं असलेली तीच गांठ येथें हजारों स्त्रियांमध्यें बांधून दाखविली गेली. सभासदांची संख्या पुढें ४५ हजारांच्या वर गेली, आणि २०२१ सालीं जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हां त्या गच्चीवरील पहिल्या दिवसाला साठांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं.

हा अनुभव मुंबईपुरता किंवा या देशापुरता आहे असें नव्हे. फ्रान्समधील निकोला आप्पेर हा मिठाई व स्वयंपाकाच्या धंद्यांतला मनुष्य. हवाबंद बाटलींत घालून उकळलेलें अन्न टिकतें, हें त्यानें अनेक वर्षांच्या खटपटीनें सिद्ध केलें आणि १८१० मध्यें सरकारकडून १२,००० फ्रँकांचें बक्षीस मिळविलें. अन्न कां टिकतें याचें कारण लुई पाश्चर यानें सांगितलें तें अर्ध्या शतकानंतर. हाताला आधीं कळलें, शास्त्राला मागून. आणि शास्त्राला कळल्यावर हाताचें काम अधिक निर्धास्त झालें. दोघांचें नातें वैराचें नाहीं.

याहूनहि लक्षणीय गोष्ट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील आहे. गिरगांवच्या गच्चीवर पापड वाळूं लागले त्याच सुमारास, अमेरिकेंत पिल्सबरी ही पिठाची कंपनी अंतराळवीरांसाठीं अन्न तयार करण्याच्या विचारांत गुंतली होती. अवकाशांत कोणाचें पोट बिघडून चालण्यासारखें नव्हतें. तयार झालेल्या मालांतून नमुने काढून तपासावे, तर इतके नमुने तपासावे लागत कीं खाण्यास फारसें उरतच नसे. तेव्हां विचाराची दिशाच बदलावी लागली. माल तयार झाल्यावर दोष शोधण्यापेक्षां, दोष ज्या ज्या ठिकाणीं शिरूं शकतो तीं मोजकीं ठिकाणें आधीं हुडकावीं. प्रत्येक ठिकाणीं एक मर्यादा ठरवावी. आणि ती मर्यादा ओलांडली गेल्याबरोबर, त्याच ठिकाणीं उभ्या असलेल्या मनुष्यानें काम थांबवावें. हीच पद्धति पुढें जगभर मान्य झाली, आणि आज अन्नप्रक्रियेच्या कारखान्यांना तीच शिकविली जाते. तिची परिभाषा नवी आहे. तिचें तत्त्व मात्र वलांडीखालीं उभ्या राहून बोंबील दाबून पाहणाऱ्या कोळणीला परकें वाटलें नसतें.

परंतु या पद्धतीचा एक भाग कागदावर सोपा आणि व्यवहारांत कठीण असतो. काम थांबविण्याचा अधिकार. मळणीच्या भांड्यापाशीं उभ्या असलेल्या स्त्रीला पिठाचा वास बदललेला जाणवला, तर तिनें यंत्र थांबवावें, असें नियमांत लिहितां येतें. पण यंत्र थांबविल्याबद्दल संध्याकाळीं तिला जाब विचारला जाणार असेल, आणि न थांबविल्याबद्दल कोणीच विचारणार नसेल, तर ती यंत्र थांबविणार नाहीं. तिच्या मौनानें त्या दिवसाचा हिशेब चांगला दिसतो आणि पुढच्या महिन्यांत माल परत येतो. कारखान्याच्या व्यवस्थापकाची परीक्षा तो किती निर्णय घेतो यावर होत नाहीं. त्याच्या हाताखालचें माणूस योग्य वेळीं निर्णय घेण्यास धजतें कीं नाहीं, यावर होते. आणीबाणीच्या क्षणीं हुकूम देणें हें नेतृत्व खरेंच. पण ती आणीबाणी येण्यापूर्वींच तिची खूण ज्याला प्रथम पटली, त्याचें तोंड उघडें ठेवणें हें अधिक मोठें नेतृत्व होय.

याचा अर्थ वरिष्ठांनीं हात जोडून बसावें असा नाहीं. मालाची प्रत एकच ठेवावी, हें एकट्या लाटणारीच्या हातांत नव्हतें. दुधाची भुकटी होते हें एकट्या गवळ्याला सिद्ध करतां आलें नसतें. मिठावरील कर एकट्या कोळणीला उठवितां आला नसता. दूरची गोष्ट दूरून पाहणारानें ठरवावी. जवळची गोष्ट जवळ असणारानें ठरवावी. आणि दोघांच्या मध्यें असणाऱ्या व्यवस्थापकानें एकाचें म्हणणें दुसऱ्यापर्यंत न वाकवतां पोंचवावें. ज्या निर्णयाचा तोटा ज्याला सोसावा लागतो, त्याला त्या निर्णयांत कांहीं आवाज असावा, एवढें पथ्य पाळलें तरी पुष्कळ नासाडी टळते.

मुंबईच्या कोळीवाड्यांपुढें हा प्रश्न आज निराळ्या रूपानें उभा आहे. कोळीवाड्यांच्या सीमा नकाशावर आंखण्याची वेळ आली म्हणजे, मासळी वाळविण्याच्या मोकळ्या जागा वस्तीचा भाग मानावयाच्या कीं रिकामी जमीन, हा वाद पुनःपुन्हां निघतो. नकाशा काढणाराला तेथें रिकामी जागा दिसते, कारण तो पाहतो त्या दिवशीं तीवर कदाचित् कांहीं वाळत नसतें. आगोटीची सुकी मासळी ज्या घरांत भरावयाची असते त्या घरांतील बाईला मात्र तीच जागा कोठाराहून मोलाची वाटते. सुमारें साडेतीनशें वर्षांपूर्वीं शीवच्या टेकडीवर उभें राहून सीमा ठरविणारांना खालच्या किनाऱ्यावर काय वाळत आहे, हें विचारण्याची गरज वाटली नसेल. आज सीमा ठरविणारांना ती वाटली पाहिजे.